मान डोलावायचं काम

गळ्यात पाटी होती. पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली. तिच्यावर तमिळमध्ये ठळक अक्षरांत एकच शब्द होता : पामरर.

तमिळमध्ये पामरर म्हणजे न शिकलेली साधी माणसं. मराठीत पामर म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊक आहे. मला दोन्ही भाषा येतात. म्हणून ती पाटी मला दोनदा लागली.

मी कुंभकोणम्‌च्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर आहे. बावीस वर्षं झाली. त्या दिवशी मी ब्युरेट, म्हणजे मापाच्या काचेच्या लांब नळ्या, धूत होते. शिपाई येऊन म्हणाला, सेमिनार हॉलमध्ये बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. हात पुसायलाही वेळ दिला नाही. गेले तर स्टेजवर एक खुर्ची मांडलेली. विभागाच्या हेड मॅडमनी पाटी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "अम्मा, इथे बस. काही करायचं नाही. पोरं सांगतील ते ऐकायचं आणि मान डोलावायची."

समोर एम. एस्सी.ची पोरं-पोरी. मी ज्यांना रोज पिपेट काढून देते ती. पुढच्या रांगेतले दोघे हसले. मग सगळेच हसले.

पुण्याहून एक सर आले होते. विद्यार्थ्यांना विज्ञान सोपं करून, रंगवून सांगता यावं म्हणून तीन दिवसांचा वर्ग घ्यायला. ते पोरांना इंग्रजीत म्हणाले (लॅबमध्ये राहून तेवढं मला कळतं), "तुम्ही जे शिकलात ते भाजीवालीला समजलं पाहिजे, बसच्या कंडक्टरला समजलं पाहिजे. नाही समजलं तर तुमची पदवी फुकट." म्हणणं बरोबर होतं. मी आजही म्हणेन, बरोबर होतं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी होती, कॅमेरा धरून. तिला ते मराठीत म्हणाले :

"चेहरा बघ हिचा. अगदी कोरा. अशीच हवी होती."

कुंभकोणम्‌मध्ये मराठी कुणाला कळणार, असं त्यांना वाटलं असेल.

मला कळलं. माझी आई मला त्याच भाषेत जेवू घालायची.

आम्ही तंजावरकडचे. लोक म्हणतात, अरे वा, राजाबरोबर आलेले मराठे. राजाबरोबर नव्हे, राजाच्या घोड्यांबरोबर. माझ्या आज्याचा पणजा पागेत खरारा करायचा. राजा गेला, घोडे गेले, आम्ही राहिलो. माझा नवरा मोठ्या रस्त्यावर पितळी भांड्यांच्या दुकानात उभा असतो. माझा भाऊ स्वामीमलै गावात पंचधातूच्या मूर्तींना कानस मारतो. बाहेर आम्ही तमिळ बोलतो. उंबऱ्याच्या आत मराठी. ती मराठी इतकी जुनी, की तिकडची माणसं ऐकली की गालांत हसतात. ती तशीच इथे लिहिली तर तुम्ही दर ओळीला अडाल. म्हणून तुमच्या मराठीत सांगते आहे. तुम्हांला कळावं म्हणून. कळावं म्हणून दुसऱ्याच्या घरी चालत जावं लागतं, एवढं मी त्या वर्गातच शिकले. गळ्यात पाटी घालून का होईना.

त्या वर्षी मी काही बोलले नाही. एकेक पोरगा आला, बोलला. मी मान डोलावली. सरांनी कागदावर खूण केली. पन्नासांतले दहा गुण ह्याचे होते : श्रोत्याला समजलं का. श्रोता म्हणजे मी. समजलं म्हणजे मान.

मी सगळ्यांना दिले. का नाही देणार? पोरं आमचीच. कुणाचा बाप शेतात, कुणाचा बाप रिक्षावर. दहा गुणांनी कुणाचं कल्याण होत असेल तर माझी मान काय झिजते?

एका मुलाने मूर्ती कशा ओततात ते सांगितलं. म्हणाला, लोखंडाच्या साच्यात ओततात. माझा भाऊ ह्याच कामात म्हातारा झाला. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर नदीच्या गाळाची माती लिंपतात, भाजून मेण वाहून काढतात, त्या पोकळीत धातू ओततात, मग माती फोडतात. एक मूर्ती, एक साचा. लोखंड कुठून आलं? पण मी मान डोलावली. सर म्हणाले, "एक्सलंट. बघा, अम्मांना कळलं." टाळ्या.

घरी येताना मला स्वतःचीच शिसारी आली. सरांनी मला कोरी म्हटलं होतं. आणि मी खरोखर कोरी बनून दाखवलं होतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तीच खुर्ची. तीच पाटी, हेड मॅडमनी कपाटात जपून ठेवली होती. मी गेले, बसले, मान डोलावली, उठले, ब्युरेट धुतले. नोकरी कंत्राटाची आहे. दर वर्षी जूनमध्ये हेड मॅडमची सही लागते. एवढं सांगितलं की पुरे.

तिसऱ्या वर्षी कयल उभी राहिली.

कयल चोळपुरम्‌ची. बाप दुसऱ्याच्या शेतात राबतो. सकाळी पहिल्या बसने येते, केस अजून ओले असतात. लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचते म्हणून मला ठाऊक. मला 'अक्का' म्हणते. हुशार, पण घाबरट. घाबरली की इंग्रजी शब्दांच्या मागे लपते. तिचा विषय होता : औषधं थंड का ठेवतात.

ती तमिळमध्ये सुरू झाली. दोन वाक्यांनंतर तमिळ फक्त क्रियापदांत उरली. "इन्सुलिन हे प्रोटीन आहे. फ्रीझ झालं तर डीनेचर होतं. स्ट्रक्चर कोलॅप्स होतं. ॲक्टिव्हिटी लॉस होते. म्हणून दोन ते आठ डिग्री मेन्टेन करायचं. फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकवून.

माझी मान हलली नाही.

इथे मला सात वर्षं मागे जावं लागेल. माझ्या अप्पांना साखरेचा आजार. पायाला खिळा लागला, जखम भरेना. सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरने इन्सुलिनच्या सुया लिहून दिल्या. औषधाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "थंड ठेवायचं. समजलं?" मागे रांग. अप्पांनी मान डोलावली. मी मान डोलावली. घरी फ्रीज नव्हता. खाली रसाचं, कुल्फीचं दुकान होतं, त्याच्याकडे मीठ घातलेल्या बर्फाची पेटी. दुकानदार भला माणूस. मी त्याला म्हटलं, अगदी बर्फाच्या मधोमध ठेवा. जितकं गार तितकं बरं. सकाळी जाऊन बाटली आणायची. दगडासारखी गोठलेली असायची. ती मी हातांत चोळून वितळवायची, पदरात धरून ऊब द्यायची आणि सुई भरून अप्पांना टोचायची. रोज. तीन महिने, न चुकता. घरात सगळे म्हणायचे, लेक असावी तर अशी.

साखर उतरली नाही. पाय काळा पडला. गुडघ्याच्या खालून कापला.

डॉक्टर म्हणाला, "उशीर केला तुम्ही." मी तेव्हाही मान डोलावली.

आणि आता ही पोरगी स्टेजवर उभी राहून सांगते, फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही.

मी खुर्चीवरून विचारलं, "बर्फात ठेवलं तर?"

कयल गोंधळली. श्रोता कधी बोलत नसे. "डीनेचर होतं, अक्का."

"म्हणजे काय होतं?"

"स्ट्रक्चर... कोलॅप्स होतं."

"कळलं नाही."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. कयलने तेच पुन्हा म्हटलं, जरा जोरात. जोरात म्हटल्याने कळतं असं पुष्कळांना वाटतं. मी म्हटलं, "कळलं नाही."  हेड मॅडम पहिल्या रांगेतून डोळे वटारत होत्या. सरांनी घड्याळ पाहिलं. कॅमेरावाल्या मुलीला मराठीत म्हणाले :

"हिला काय कळणार आहे! मान हलव म्हणावं, पुढे जाऊ."

मी उठले. पाटी गळ्यातून काढली. मोठं काही करायचं मनात नव्हतं. खरं सांगते, मला फक्त थकवा आला होता. तीन वर्षांचा नाही. फार जुना. मी त्यांच्याकडे पाहून आमच्या घरातल्या मराठीत म्हटलं :

"मज अस्कें कळतें. तुम्ही पहिल्या वर्षीं काय सांगट्लें, तेंही कळलें. हे मात्र मज कळलें नाहीं. आणि मज कळून घ्यायचें आहे."

अस्कें म्हणजे सगळं. आमच्याकडे असंच म्हणतात.

सरांचा चेहरा... जाऊ दे. तो चेहरा मी मनात पुष्कळ वेळा पाहिला, आता त्यात चव राहिली नाही. कॅमेरावाल्या मुलीने कॅमेरा खाली केला. तिची मान खाली गेली. सर मग हसले. मोठ्याने, कौतुकाने. म्हणाले, "अरे! हे तर बखरीतलं मराठी! वा! पुन्हा बोला ना, रेकॉर्ड करू."

म्हणजे मी कोरी होते ती आता जुनी वस्तू झाले. माणूस मधे कुठेच झाले नाही.

"रेकॉर्ड नको," मी तमिळमध्ये म्हटलं, सगळ्या हॉलला कळावं म्हणून. "माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. इन्सुलिन बर्फात ठेवलं तर काय होतं? माझ्या बापाचा पाय गेलाय."

कुणी हसलं नाही.  सर म्हणाले, वेळ कमी आहे, आपण नंतर बोलू. हेड मॅडमनी पुढच्या मुलाला बोलावलं. मी पाटी खुर्चीवर ठेवून लॅबमध्ये गेले. त्यानंतरच्या मुलांसाठी शिपायाला बसवलं, असं कळलं. त्याने मान छान डोलावली.

नंतर बोलायला सर आले नाहीत. त्यांची संध्याकाळची गाडी होती.

कयल आली. सिंकजवळ उभी राहिली. डोळे लाल.

"अक्का, बाकी सगळ्यांना डोलावलीस. मलाच का नाही?"

 गुण कागदावर लागले होते. श्रोत्याला समजलं का : शून्य. पूर्ण वर्गात एकटीला शून्य. लोखंडाच्या साच्यात मूर्ती ओतणाऱ्याला दहा. मी तीन वर्षांत एकदा मान आवरली, आणि तिचा मार सरांना नाही बसला, हेड मॅडमना नाही बसला. चोळपुरम्‌हून पहिल्या बसने येणाऱ्या पोरीला बसला. असंच असतं. खालून हललेला दगड खालच्याच माणसाच्या पायावर पडतो.

मी तिला पायाची गोष्ट सांगितली. तिने ती पूर्ण ऐकली. मग गळका नळ घट्ट बंद केला.

"मला खरं तर नीट माहीत नाही अक्का," ती म्हणाली. "पुस्तकात जे होतं ते पाठ केलं. डीनेचर म्हणजे काय, हे मी कुणालाच कधी विचारलं नाही. सगळ्यांना येत असेल असं वाटायचं."

एम. एस्सी.ला असलेली पोरगी. म्हणजे तिनेही मान डोलावली होती. पंधरा वर्षं, वर्गावर्गांतून. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं. पाटी एकट्या माझ्याच गळ्यात नव्हती.

आम्ही बसलो. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात, रोज सकाळी लॅब उघडल्यावर अर्धा तास. ती सांगायची. मी म्हणायची, कळलं नाही. ती चिडायची. एकदा वही आपटली. एकदा म्हणाली, "अक्का, तू मुद्दाम करतेस." मी म्हटलं, "मुद्दाम नाही. मला बाटली दिसत नाहीये. ती बाटली मी रोज हातांत धरली होती. तिच्या आत काय झालं ते मला दाखव."

सहाव्या का सातव्या दिवशी ती डब्यात नारळाचं दूध घेऊन आली. आदल्या दिवशी काढलेलं. आमच्या विभागाच्या फ्रीजमध्ये तिने ते बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं, आता वितळवलं होतं. काचेच्या ग्लासात ओतलं. वर गुठळ्या, खाली पाणी.

"ढवळ," ती म्हणाली.

मी ढवळलं. जुळलं नाही.

"दूध तेच आहे अक्का. काही सांडलं नाही, काही नासलं नाही. पण गोठताना त्याची आतली मांडणी मोडली. वितळल्यावर मांडणी परत येत नाही. इन्सुलिनचंही तसंच, त्याहून बारीक. कधी डोळ्यांना दिसतं, कधी दिसत नाही. बाटलीत औषध असतं. पण ते काम करत नाही."

मी चमचा खाली ठेवला. "कळलं," मी म्हटलं. आणि मला कळायला नको होतं.

"तू पाणीच टोचत होतीस, अक्का." हे ती म्हणाली नाही. ते माझं मी म्हटलं. मनात. तीन महिने पाणी टोचलं. पदरात ऊब देऊन.

पायाचं नक्की कशाने झालं, देव जाणे. कदाचित जखम आधीच खोल होती. कयलने तेही सांगितलं, प्रामाणिकपणे : "ह्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, अक्का. ह्यामुळे झालं असू शकेल." ती त्या दिवशी खरी शिकली, असं मला वाटतं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला.

अप्पांना सांगावं की नाही, ह्यात मी बरेच दिवस काढले. शेवटी एका रविवारी दुपारी सांगितलं. ते पलंगावर बसून विड्याच्या पानाच्या शिरा काढत होते. ऐकून घेतलं. हातातलं पान खाली ठेवलं. मला वाटलं, आता रागावतील किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. दोन्ही झालं नाही. म्हणाले :

"हें त्या दिवशीं आम्हांस कोणी कां सांगट्लें नाहीं?"

मी म्हटलं, "त्यांनी विचारलं होतं अप्पा, समजलं का म्हणून. आपण मान डोलावली."

"मग आणि काय करायचें होतें? मागे इतके लोक उभे होते." असं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कयलचे गुण बदलले नाहीत. मी हेड मॅडमकडे गेले होते. म्हणाल्या, "यादी वर गेली. आणि अम्मा, तू त्या दिवशी कॉलेजची लाज घालवलीस, ते मी विसरलेले नाही." कयल दुसऱ्या श्रेणीत पास झाली. तिने जाण्याआधी एक कागद लिहिला, एक पान, तमिळमध्ये, एकही इंग्रजी शब्द नाही. इन्सुलिन कुठे ठेवायचं, कुठे नाही, फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात कसं ठेवायचं, गोठलेलं असेल तर फेकून का द्यायचं. ते मडक्याचं बरोबर आहे का, हे तिने दोन डॉक्टरांना विचारून घेतलं. मग मला वाचून दाखवलं. मी चार ठिकाणी म्हटलं, कळलं नाही. चारही ठिकाणं तिने बदलली.

तो कागद घेऊन मी दवाखान्याच्या खिडकीवर गेले. म्हटलं, इथे चिकटवा. त्या माणसाने वाचलाही नाही. खणात टाकला. पुढच्या महिन्यात अप्पांचं औषध आणायला गेले तेव्हा विचारलं. म्हणाला, बघू. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. अजून खणातच आहे. मागच्या वेळी मी माझ्या बाटल्या घेतल्यावर खिडकी सोडली नाही. म्हटलं, ह्या कुठे ठेवायच्या, किती दिवस, गोठल्या तर काय, सगळं सांगा. मला ठाऊक असलेलंच विचारलं. मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. रांग कुरकुरली. एक म्हातारा म्हणाला, "अम्मा, आम्हांलाही जायचंय." मी म्हटलं, "तुमच्यासाठीच विचारतेय, तात्ता." तो नाराजच राहिला. कुणी माझे आभार मानले नाहीत. पाय दुखत होते. विचारणं हे मान डोलावण्यापेक्षा फार जड काम आहे. मी पन्नाशीला आले, आता माझ्याने रोज होत नाही.

गेल्या आठवड्यात हेड मॅडमनी बोलावलं. पुन्हा तो वर्ग आहे. सर तेच. म्हणाल्या, "ह्या वर्षी तू नकोस. झाडू मारणारी मुनियम्मा बसेल. ती गरीब आहे, काही बोलत नाही."

टेबलावर माझ्या कंत्राटाचा कागद होता. सही व्हायची होती. त्यांनी तो मला दिसेल असाच ठेवला होता.

मी म्हटलं, "मॅडम, काल मुनियम्मानेच मला सांगितलं. मीही तिला सांगून ठेवलंय. कळलं तरच मान डोलाव."

त्यांनी कंत्राटाचा कागद स्वतःकडे ओढला. "आणि ती घाबरून गप्प बसली तर?"

"तर मी मागच्या रांगेतून विचारीन," मी म्हटलं. "हॉलमधून काढलंत तर दारातून विचारीन. नोकरीवरून काढलंत तर फाटकाबाहेर पोरं बसची वाट बघत उभी राहतात, तिथे विचारीन. सही तुमची आहे मॅडम. करा, नका करू."

आणि मी ब्युरेट धुवायला निघून आले.